चेतक भंगारात घालण्यापूर्वी...

मागच्या पडवीत गोणपाटाखाली झाकलेली बजाजची स्कूटर आपल्याकडे अजून कितीतरी घरांत सापडेल. चेतक असेल, सुपर असेल, नाहीतर साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये बनलेली प्रिया. १९७२ साली चेतक आली आणि पुढे कितीतरी वर्षं नंबर लावून तिची वाट बघावी लागायची. लग्नाच्या बैठकीत मुलाकडचे आडून आडून तिचा विषय काढायचे (हुंडाच तो, दुसरं काय!). त्याच गाडीला आता दारावरचा भंगारवाला किलोच्या भावाने मागतो.

आमच्या बचत गटातल्या एका ताईंकडे अशी १९९१ सालची चेतक आहे. यजमान गेल्यावर सात वर्षं ती जागची हलली नव्हती. मुलगा म्हणायचा, "आई, विकून टाक. जागा अडते." ताई म्हणायच्या, "तुम्ही दोघं हिच्यावरनंच शाळेत गेलात. ती चालायला पाहिजे." माझ्या मते हा काही वेडा हट्ट नव्हे. ही गाडी खरोखरच पुन्हा चालू होऊ शकते.

कारण तिच्यात बिघडण्यासारखं फार थोडं आहे. आपण तापलेलं दूध परातीतल्या पाण्यात ठेवून निववतो ना, तशी मोटारीची इंजिनं पाण्यावर थंड होतात. चेतकचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटच्या चाकालाच पंख्याची पाती असतात. ती वारा ढकलतात आणि पत्र्याच्या टोपणाखालून तो वारा सिलिंडरच्या पातळ पट्ट्यांवरून जातो. म्हणून दुरुस्तीच्या वेळी हे टोपण 'नसलं तरी चालतं' म्हणून कोणी बाजूला टाकलं, तर आग्रहाने परत बसवून घ्या. पट्ट्यांमधला चिखल-तेलाचा थर खरवडून घ्या. नाहीतर इंजिन तापून जाम होतं. टू-स्ट्रोक असल्याने पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं तेही विसरायचं नाही.

ज्या व्हेस्पावरून आपली चेतक घडली, ती १९४६ ची. ती रेखाटणारे इटलीचे कोरादिनो दास्कानिओ हे विमानं-हेलिकॉप्टरवाले इंजिनिअर. मोटारसायकल त्यांना आवडायची नाही! घोळदार कपडे घातलेल्या बाईलाही बसता यावं म्हणून त्यांनी पुढे पाय ठेवायला मोकळी जागा सोडली. आपण साडी नेसून मागे बसत राहिलो आणि पुढची जागा पुरुषांनी घेतली, हा भाग वेगळा.

पैसे घालण्याआधी गाडी आडवी करून तळाचा पत्रा बघा. मोटारसायकलसारखी हिला वेगळी चौकट नसते, पत्र्याचं अंगच सगळा भार पेलतं. तळाला गंजून भोकं पडली असतील तर वेल्डिंगचा खर्च आधी विचारा. तळ धड असेल तर बाकीचं जमतं. क्लच, गिअर, ब्रेकच्या केबली, पॉइंट, प्लग, क्लच प्लेटा, रबरी सील, कार्बोरेटरची सफाई, टाकीतला गंज, दोन टायर. ताईंच्या गाडीला बोअर करून नवीन पिस्टनही घालावा लागला. रंग सोडून चौदा हजारांच्या आसपास गेले.

सुटे भाग मिळतात का? मिळतात, पण हिंडावं लागतं. चेतक २००५ नंतर बंद झाली, २००९ मध्ये तर कंपनीने स्कूटरचा धंदाच सोडत असल्याचं जाहीर केलं. २०१९ मध्ये त्याच नावाने आली ती विजेवरची, तिचे भाग हिला लागत नाहीत. तालुक्याच्या जुन्या स्पेअरपार्टच्या दुकानात आधी विचारा. मागच्या फळीवर धूळ खात पडलेला डबा तिथेच निघतो. पुण्यात नाना पेठेत दुचाकीच्या भागांची दुकानं आहेत आणि बुधवार-रविवारी जुना बाजार भरतो. जाताना जुना भाग पिशवीत घेऊन जा. नवा त्याच्याशेजारी ठेवा, हातात तोलून बघा. नकली पत्रा हलका लागतो. आणि नवा बसून गाडी चालेपर्यंत जुना टाकायचा नाही, मेकॅनिकने कितीही घाई केली तरी.

आता कागदांचं. मैत्रिणींनो, इथेच आपण अडकतो. गाडी अजून 'त्यांच्या' नावावर असते. नोंदलेला मालक वारला, तर वारसाने आरटीओला कळवून फॉर्म ३१ भरायचा आणि गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. नियमात त्याला तीन महिन्यांची मुदत आहे. कितीतरी घरांत वर्षं उलटतात. मग मुलगा गाडी बाहेर काढतो, अपघात होतो आणि विम्याचं घोडं अडतं. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. दुचाकीची ही फी २०२२ मध्ये एक हजार झाली, ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या दुचाकीला दोन हजार. उशिराचा दंड आणि पर्यावरण कर वेगळा. भंगारात घालायची ठरवलीत तरी आधी नोंदणी रद्द करून घ्या. नाहीतर गाडी गेली तरी नाव कागदावर राहतंच.

पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपातली गाडी असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे ती 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. फी वीस हजार! पण रोज बाजारहाटाला न्यायची असेल तर त्या वाटेला जाऊ नका. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही.

गाडी चालू झाली की एकच पथ्य. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते ओलावा धरतं, जुनं रबर खातं. चार-सहा आठवडे गाडी उभी राहणार असेल, तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा राहतो. टाकीही रिकामी करून ठेवा.