दृष्टिबाधितांचा संगणक : ऐकून वाचणे, ऐकून खेळणे

गेल्या वर्षी आमच्या एका माजी विद्यार्थ्याचा दूरध्वनी आला. माजी विद्यार्थी मेळाव्याची निमंत्रणपत्रिका आम्ही व्हॉट्सॲपवर पाठविली होती. तो म्हणाला, "सर, पत्रिका आली एवढे कळले, पण तिच्यात काय लिहिले आहे ते माझा फोन सांगत नाही. नुसते 'इमेज' म्हणतो आणि गप्प बसतो."

हा विद्यार्थी सहा वर्षे आमच्या वसतिगृहात होता. सायंकाळच्या वंदनेनंतर भोजनगृहाकडे जाताना तो वारंवार अडखळत असे, कधी कुणाच्या ताटाला त्याचा पाय लागत असे, आणि आम्ही त्याला धांदरट म्हणून रागावत असू. पुढे ऐन तारुण्यात नेत्रतज्ज्ञांनी निदान केले : रेटिनायटिस पिगमेंटोसा. या आनुवंशिक विकारात बहुधा प्रथम अंधारातील दृष्टी मंदावते, नंतर दोन्ही बाजूंचे दिसणे आकसत जाते. ज्याला आम्ही धांदरटपणा समजलो, ती त्या विकाराची पहिली खूण होती. शिक्षक म्हणून आम्हांस ती ओळखता आली नाही. पत्रिकेच्या निमित्ताने आपण त्याच्याकडे दुसऱ्यांदा दुर्लक्ष केले, ही जाणीव झाली आणि आम्ही त्यालाच शाळेत बोलावून विचारले, "तू वाचतोस तरी कसा, ते आम्हांला शिकव." तो रेल्वेने एकटाच नरडाण्यास आला. त्या दिवशी जे शिकलो आणि पुढे जे वाचले, ते येथे मांडत आहोत.

अंध व्यक्ती संगणक वापरते ती 'स्क्रीन रीडर' या प्रणालीच्या आधारे. ही प्रणाली पडद्यावरील मजकूर आवाजात रूपांतरित करून ऐकविते. माऊसचा उपयोग होत नाही. सर्व कारभार कळफलकावर चालतो. एक कळ दाबली की पुढील मथळा, दुसरी दाबली की पुढील बटण, अशा रीतीने लांबलचक पानही झपाट्याने चाळता येते. सरावलेले कान इतक्या वेगाने ऐकतात की आपणांस तो आवाज केवळ पुटपुटणे वाटावा. आमच्या विद्यार्थ्याने फोन कानाशी धरला, तेव्हा आम्हांस एकही शब्द उमगला नाही. त्याने मात्र पूर्ण बातमी सांगितली.

अशा प्रणालींपैकी 'जॉज' ही जुनी आणि नावाजलेली प्रणाली असून तिच्यासाठी मोठी किंमत मोजावी लागते. २००६ साली मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने 'एनव्हीडीए' ही प्रणाली लिहावयास घेतली. दृष्टी नसलेल्यास संगणकासाठी इतरांहून अधिक पैसे का पडावेत, हा त्यामागील प्रश्न होता. ती आजही विनामूल्य मिळते आणि मराठीही वाचते. अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' आणि आयफोनमध्ये 'व्हॉइसओव्हर' ही सोय मुळातच असते. वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही.

दृष्टी पूर्णपणे गेलेली नाही, परंतु अंधुक आहे, अशांसाठी वेगळी साधने आहेत. अक्षर मोठे करणे, पडद्याचा एक भाग भिंगाखाली धरल्यासारखा वाढविणे, काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे आणणे, या सोयी प्रत्येक फोनच्या सेटिंगमध्ये असतात. नोटांचे मूल्य ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० रोजी 'मनी' हे ॲप उपलब्ध केले. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की ते तिचे मूल्य बोलून सांगते आणि त्याला इंटरनेट लागत नाही. बाजारात उरलेले पैसे परत घेताना दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून राहावे न लागणे म्हणजे काय, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

आता खेळांविषयी. पालकांना वाटेल, एवढ्या गंभीर विषयात खेळ कशाला? पण वसतिगृह चालविणाऱ्यांस ठाऊक आहे की मूल एकटे पडते ते वर्गात नव्हे, मैदानावर. केवळ ध्वनीवर चालणारे संगणकीय खेळ आज उपलब्ध आहेत. कानाला हेडफोन लावला की आवाज डावीकडून येतो की उजवीकडून, जवळून की दुरून, यावरून खेळाडू दिशा व अंतर ठरवितो. १९९७ साली जपानमध्ये केंजी एनो यांनी एकही चित्र नसलेला खेळ तयार केला. त्यांच्या खेळांबद्दल अंध चाहत्यांनी दाखविलेली आवड ही त्यामागची प्रेरणा होती.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण बुद्धिबळाचे आहे. अंधांच्या पटावर काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घराला छिद्र असते व मोहरे त्यात खोचलेले असतात. काळ्या मोहऱ्यांच्या माथ्यावर खूण असते. दोन्ही खेळाडू आपापल्या पटावर हाताने चाचपून खेळतात आणि चाल मोठ्याने उच्चारतात. किशोरवयात दृष्टी गमावलेले मुंबईचे चारुदत्त जाधव याच खेळातून उभे राहिले, संगणकतज्ज्ञ झाले आणि त्यांनी 'टॉक ६४' हे चाली बोलून सांगणारे बुद्धिबळाचे सॉफ्टवेअर तयार केले. पटाची चौसष्ट घरे, म्हणून हे नाव. समोर डोळस सोबती नसतानाही अंध मुलाला सराव करता येऊ लागला, हे त्याचे मोल. अखिल भारतीय अंध बुद्धिबळ महासंघाच्या उभारणीतही जाधव यांचा मोठा वाटा आहे.

अभ्यासाच्या बाबतीत उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचे नाव घ्यावे लागेल. सहाव्या वर्षी दृष्टी गेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेत शिक्षण झाले. संगणकावर पुस्तके ऐकून त्यांनी अभ्यास केला आणि २०१७ साली केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत १२४ वा क्रमांक मिळवून त्या भारतीय प्रशासकीय सेवेत दाखल झाल्या. आपल्या खानदेशात जळगावच्या दीपस्तंभ फाउंडेशनचा 'मनोबल' प्रकल्प दिव्यांग विद्यार्थ्यांना निवासी राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करण्याची संधी देतो. आपल्या परिचयात असे मूल असेल तर पालकांनी तेथे अवश्य चौकशी करावी.

मग आमची निमंत्रणपत्रिका मुकी का राहिली? याचे उत्तर समजून घेणे प्रत्येकास शक्य आहे. स्क्रीन रीडर अक्षराचा आकार पाहत नाही; त्या आकारामागे संगणकात नोंदलेला क्रमांक वाचतो. युनिकोड पद्धतीत 'क' या अक्षराला ०९१५ हा स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून तो 'क' असाच वाचला जातो. छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या मराठी फाँटमध्ये मात्र इंग्रजी अक्षराच्या जागेवर 'क' चे चित्र बसविलेले असते. डोळ्यांना मराठी दिसते, कानांना इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ ऐकू येते. पत्रकाचा फोटो काढून पाठविला, तर त्यात अक्षरच उरत नाही. छायाचित्रातून अक्षरे ओळखणारी साधने आहेत. पण नक्षीदार मराठी अक्षरांपुढे आणि शिक्षकांच्या हस्ताक्षरापुढे ती हमखास गडबडतात.

कायदा याबाबत मौन नाही. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ नुसार छापील, श्राव्य व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम स्वरूपात असावा, याची जबाबदारी शासनावर आहे. डोळे मिचकावून ओळख पटविण्यासारख्या अटी घालणाऱ्या सेवांविरुद्ध दाद मागितली गेली, तेव्हा ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस येथे महाड आठवते. सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव १९२३ साली कायदेमंडळात झाला, महाडच्या नगरपालिकेनेही तो स्वीकारला; पण तळ्याच्या पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ रोजी. ठराव आणि ओंजळ यांच्यात चार वर्षांचे अंतर होते. आज अक्षरांबाबत असे अंतर असेल, तर ते काही प्रमाणात आपणच राखून आहोत.

म्हणून माजी विद्यार्थी, पालक आणि बांधवांना आमची नम्र विनंती आहे. सूचना, निमंत्रण, शोकसंदेश, शिष्यवृत्तीची माहिती, काहीही पाठविताना चित्रासोबत तोच मजकूर युनिकोडमध्ये टंकून पाठवावा. छायाचित्र पाठविल्यास त्यात कोण व काय आहे, ते एका ओळीत लिहावे. घरातील ज्येष्ठांना दिसेनासे झाले असेल, तर त्यांच्या फोनमधील टॉकबॅक सुरू करून द्यावा आणि चार दिवस त्यांच्याजवळ बसून शिकवावा. पहिल्या दिवशी तो सर्वांनाच त्रासदायक वाटतो. आणि संध्याकाळी अडखळणाऱ्या मुलाला रागावण्याआधी त्याला नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे.

या स्मरणिकेची युनिकोडमधील प्रत छापील प्रतीसोबतच तयार करावी, अशी विनंती आम्ही संपादक मंडळास केली आणि ती मान्य झाली. हा लेखही प्रथम त्याच माजी विद्यार्थ्याने फोनवर ऐकला. दोन ठिकाणी आम्ही शब्द तोडून संक्षेपाने लिहिले होते; "सर, ते नीट ऐकू येत नाही, पूर्ण लिहा," असे त्याने सुचविले. आम्ही ते पूर्ण लिहिले आहेत.