कोयंडा आधी, कुलूप मग

अनंतचतुर्दशीपासून कोजागिरीच्या पौर्णिमेपर्यंत, रामलीलेच्या त्या महिनाभरात, काशीच्या पैलतीरावरील रामनगर रोज सायंकाळी आपली घरे कुलपांच्या हवाली करून बाहेर पडते. येथील लीला एका रंगमंचावर होत नाही. अयोध्या, जनकपूर, चित्रकूट, पंचवटी, लंका ही तिची स्थळे गावात आणि गावाबाहेर दूरवर विखुरलेली असून, काशीनरेश हत्तीवर आणि प्रजा पायी, असा सारा समुदाय प्रसंगाबरोबर स्थळ बदलीत जातो. ध्वनिक्षेपक नाही, विजेची रोषणाई नाही. पेट्रोमॅक्सच्या उजेडात रामायणी मंडळी रामचरितमानसातील चौपाया गातात, आणि महाराज संध्येसाठी उठले की लीलाही थांबते. यजमान आज कोठे आहे आणि किती वेळ परतणार नाही, याची जाहीर वर्दी चोराला देणारे इतके चोख वेळापत्रक क्वचितच सापडेल. राजगादीच्या, म्हणजे रामाच्या राज्याभिषेकाच्या, रात्री तर भोरच्या, म्हणजे पहाटेच्या, आरतीसाठी अवघी काशी इकडे लोटते आणि उजाडेपर्यंत कोणी घराकडे फिरकत नाही.

महाराष्ट्रातल्या यात्रेकरूला रामनगर ठाऊक असते ते किल्ल्यातील व्यासांच्या देवळामुळे. या पैलतीरावर, म्हणजे व्यासकाशीत, देह पडला तर गाढवाचा जन्म येतो, या धाकापोटी माघात तेथे दर्शन घेऊन येण्याची रीत आहे. मी गेलो तो भाद्रपदात, आणि असे कोणतेही पुण्य गाठीशी बांधण्याचा हेतू नसताना. दुर्गाघाटावरील ज्या मराठी कुटुंबात माझा मुक्काम होता, त्यांच्या भाचीचे बिऱ्हाड रामनगरात होते. लीला सुरू होण्यापूर्वी दारे नीट करून घ्यावयाची होती, आणि “काका, तुम्ही कारागिराजवळ बसा, म्हणजे मला स्वयंपाक उरकता येईल,” असे तिने सांगितल्यावर अख्खी सकाळ मी त्या कामाजवळ काढली.

भाद्रपदातच ही धांदल उडते, त्याला कारण आहे. पावसाळ्यात लाकूड पाणी पिऊन फुगते, फळी चौकटीला घासू लागते, कडी आपल्या जागी बसेनाशी होते, आणि घरातले लोक दार खांद्याने रेटून ती कशीबशी अडकवतात. त्या रोजच्या रेट्याने कोयंड्याचे स्क्रू ढिले पडतात. पुढे आश्विनाच्या उन्हात लाकूड आटले की स्क्रूभोवतीची भोके सैल होतात, आणि बाहेरून धडधाकट दिसणारा कोयंडा आतून नुसता टेकलेला असतो.

किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बसणारा तो कारागीर पत्र्याची पेटी, लहान वाइस, तीन-चार कानशी आणि कोऱ्या किल्ल्यांचा जुडगा घेऊन आला. त्याच्या हाती मी प्रथम कुलूप दिले. ते त्याने तसेच खाली ठेवले आणि म्हणाला, “पहिले कुंडी देखीं बाबूजी, ताला बाद में.” पेचकसाने कोयंड्याचा एक स्क्रू काढून त्याने माझ्या तळहातावर ठेवला. तो जेमतेम पाऊण इंचाचा होता, अर्ध्यापर्यंत गंजलेला, आणि त्याच्या आट्यांत लाकडाचा भुगा अडकलेला. अशा चार स्क्रूंवर लोंबणारे भक्कम कुलूप फोडण्याचे कष्ट कोणताही शहाणा चोर घेत नाही. कोयंड्याखाली कटावणी सारून दिलेला एक हिसका त्याला पुरतो, आणि कुलूप अभंग राहून कोयंड्यासकट जमिनीवर पडते. कारागिराने जुनी भोके लाकडी खुंट्या ठोकून बुजविली, फळीतून आरपार भोके पाडली, त्यांतून बोल्ट घातले आणि आतल्या बाजूस लोखंडी पट्टी ठेवून त्यावर नट आवळले. बोल्टांची डोकी बाहेरून गोल, म्हणजे त्यांना पाना लागू नये. नंतर त्याने फळी खालून पहारीने उचलून पाहिली. जुन्या घरांतील दारे बिजागऱ्यांवर नव्हे, खाली-वर असलेल्या खुंटांवर फिरतात, आणि वरच्या खाचेत मोकळी जागा राहिली तर बंद दार कुलपासकट उचलून बाजूला ठेवता येते. तेथे त्याने लाकडाचा एक ठोकळा बसविला. सर्वांत मोठे काम हेच होते, आणि मजुरीच्या हिशेबात त्याचा उल्लेखही आला नाही.

कुलपाची पाळी त्यानंतर आली. एक किल्ली हरवली होती. कोरी किल्ली दिव्याच्या ज्योतीवर धरून त्याने काळी केली, कुलपात घालून दाब देत हलकेच फिरविली, आणि बाहेर काढून उजेडात तिरपी धरली: काजळीवर, आतल्या लिव्हरांनी जेथे विरोध केला होता तेथे, केसासारख्या बारीक चकचकीत रेघा उमटल्या होत्या. त्या रेघांवर कानस, पुन्हा काजळी, पुन्हा कुलूप, असे चालता चालता अखेर कळ सुटली. प्रत्येक लिव्हरला एक खाच असते. किल्लीच्या दात्यांनी सगळे लिव्हर नेमके तेवढेच उचलले की खाचा एका रांगेत येतात आणि कुलपातल्या बोल्टाला वाट मिळते. एकही कमी-जास्त उचलला तर वाट बंद. ज्या विद्येने हा मनुष्य धन्याला किल्ली करून देतो, तीच विद्या धन्याच्या गैरहजेरीत गुन्हा ठरते, याची त्याला पुरती जाणीव असावी. कारण घरातील बाई स्वतः समोर आल्याशिवाय त्याने कुलपाला किल्ली लावली नव्हती.

अभेद्य कुलपाच्या बढाया पुष्कळ झाल्या आहेत. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनाच्या वर्षी हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने चब कंपनीचे नामांकित कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडले, आणि ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकीत वर्षानुवर्षे आव्हान म्हणून टांगलेले कुलूप उघडावयास त्याला पन्नासांहून अधिक तास लागले. हा फरकच कुलपाची खरी किंमत सांगतो: कुलूप वेळ विकत घेऊन देते. १८९७ साली मुंबईत लालबागेस अर्देशिर गोदरेज यांनी जो कारखाना काढला, तोही हा वेळ वाढविण्याचाच.

तो वेळ कोणी पाहणारा असेल तरच कामास येतो. ‘मृच्छकटिका’तील चोर शर्विलक, ज्याला देवलांनी मराठी रंगभूमीवर आणले, भिंतीला भोक पाडण्याचे सात आकार मोजून त्यांतला पूर्णकुंभ निवडतो, मापाची दोरी विसरल्यामुळे जानव्याने माप घेतो, जुने दार करकरू नये म्हणून त्यावर पाणी शिंपडतो; आणि एवढे शास्त्र पाळून आत शिरल्यावर अलंकारांचे गाठोडे त्याच्या हाती देतो तो घरधन्याचा झोपेत बरळणारा मित्र मैत्रेयच! १८६० च्या दंडसंहितेतील घरफोडीची उदाहरणेही वाचण्यासारखी आहेत: दाराच्या भोकातून तार घालून कडी उचलणे ही घरफोडी, आणि धन्याने हरवलेली किल्ली सापडली असता तिने दार उघडून शिरणे हीदेखील घरफोडी. नव्या न्याय संहितेनेही ही कलमे टाकून दिलेली नाहीत.

बनारसने एके काळी पाहणाऱ्याचा बंदोबस्त सार्वजनिक केला होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मोहल्ल्यांच्या तोंडाशी रात्री बंद होणारी फाटके आणि त्यांवर रहिवाशांच्या पैशाने ठेवलेले चौकीदार, अशी फाटकबंदीची व्यवस्था येथे होती. पुढे १८१० साली कंपनी सरकारने घरपट्टी लादली तेव्हा पहाऱ्याचा खर्च आधीच सोसणाऱ्या याच शहराने कडकडीत हरताळ पाळला. भाचीच्या गल्लीला फाटक नाही. तेथे लीलेस चालत जाणे ज्यांना झेपत नाही अशा वृद्धांनी आपापल्या ओट्यावर बसावे आणि परकी चाल दिसली की हाक द्यावी, एवढीच रीत आहे. तिची नोंद कोणत्याही ठाण्याच्या दप्तरी नसली तरी, ओट्यावरच्या एका आजींनी मी कारागिराबरोबर दाराशी उभा राहताच माझी सविस्तर चौकशी केली होती, आणि ती मला मुळीच अपमानास्पद वाटली नाही.

आपल्याकडे दिवाळीत नि मे महिन्यात वाडेच्या वाडे आणि सदनिकांचे मजलेच्या मजले ओस पडतात. गावी निघण्यापूर्वी नवे, महागडे कुलूप आणण्याचा विचार असेल, तर वाचकांनी आधी जुन्या कोयंड्याचा एक स्क्रू काढून त्याची लांबी पाहावी. आणि शेजारी घरी राहणार आहेत की तेही गावी निघाले आहेत, हे त्यांना विचारून ठेवावे.