विश्लेषण : दाताची ठणक थांबली म्हणजे संसर्ग गेला का? रूट कॅनॉलमध्ये जिवाणू कसे तग धरतात?

दोन रात्री ठणकणारा दात तिसऱ्या दिवशी अचानक शांत होतो. श्रेय घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांना दिले जाते आणि दवाखान्याची खेप टळते. मात्र अनेकदा दात शांत होतो तो आतली नस मेल्यामुळे. वेदना थांबते, संसर्ग सुरूच राहतो.

जिवाणू आत कसे पोहोचतात?

दाताच्या मध्यभागी रक्तवाहिन्या आणि नसांचा मऊ गर, म्हणजे पल्प असतो. त्यावर डेंटिन आणि इनॅमलचे कवच असते. कीड हे कवच पोखरत गेली किंवा दाताला तडा गेला की जिवाणूंना वाट मिळते. डेंटिनमध्ये साधारण १ ते ३ मायक्रोमीटर व्यासाच्या असंख्य नलिका असतात. अनेक जिवाणू याहून बारीक असल्याने त्यांत सहज शिरतात.

दोष जिवाणूंचाच, हे कसे कळले?

१९६५ मध्ये काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झगेराल्ड या अमेरिकी संशोधकांनी उंदरांच्या दातांना भोक पाडून पल्प उघडा केला. जंतुविरहित वातावरणात वाढलेल्या उंदरांचा पल्प जिवंत राहिला, जखमेवर डेंटिनसारखा नवा थरही चढला. नेहमीच्या उंदरांचा पल्प मात्र सडला. पुढे १९७६ मध्ये स्वीडनच्या सुंडक्विस्ट यांनी मार लागून पल्प मेलेले, पण वरून अखंड असलेले दात तपासले. मुळाभोवतीचे हाड झिजलेल्या दातांतच जिवाणू सापडले आणि त्यांतले ९० टक्क्यांहून अधिक ऑक्सिजनविना जगणारे होते.

कोणते जिवाणू आढळतात?

एकच जिवाणू क्वचितच असतो. फ्युसोबॅक्टेरियम, प्रिव्होटेला, पॉर्फिरोमोनास अशा अनेक जाती एकत्र नांदतात आणि कालव्याच्या भिंतीवर चिकट थर, म्हणजे बायोफिल्म तयार करतात. उपचारानंतर पुन्हा दुखणाऱ्या दातांत एन्टेरोकॉकस फीकॅलिस वारंवार आढळतो. तो उपासमार सोसतो आणि नलिकांत दडून राहतो. मात्र तो एकटाच दोषी नाही, तिथेही मिश्र वस्तीच असते, असे अलीकडच्या जनुकीय चाचण्यांतून दिसले आहे.

गोळ्यांनी हे का जात नाही?

औषध रक्तातून पोहोचते आणि मेलेल्या पल्पला रक्तपुरवठाच नसतो. म्हणूनच दातावर लगेच उपचार होऊ शकत असतील, तर बहुतेक दातदुखीसाठी प्रतिजैविके देऊ नयेत, असे अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ताप असेल किंवा सूज पसरत असेल, तर त्यांची गरज पडते. पण तेव्हाही संसर्गाचे मूळ काढावेच लागते.

मग रूट कॅनॉलमध्ये काय करतात?

बारीक फाइल्सनी कालवा घासून रुंद केला जातो. तरीही भिंतीचा ३५ टक्के किंवा त्याहून अधिक भाग फाइलच्या स्पर्शाविना राहू शकतो, असे सूक्ष्म सीटी स्कॅनच्या अभ्यासात आढळले. कालवा सरळ नळीसारखा नसतो, त्याला फाटे आणि खोबणी असतात. म्हणून खरी भिस्त सोडियम हायपोक्लोराइटच्या धुण्यावर असते. गरज पडल्यास दोन भेटींच्या मध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरतात आणि शेवटी गटापर्चाने कालवा बंद करतात.

उपचार अर्धवट सोडले तर?

तात्पुरते सिमेंट काही आठवड्यांपुरतेच असते. ते झिजले की लाळेसोबत जिवाणू परत आत जातात. दुखत नाही म्हणून पुढची भेट टाळणे किंवा पक्के फिलिंग आणि कॅप लांबवणे म्हणजे केलेला खर्च पाण्यात घालणे.

तातडीने कधी जावे?

चेहरा किंवा जबड्याखाली सूज, ताप, तोंड न उघडणे, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, यांपैकी काहीही दिसल्यास थांबू नये. संसर्ग मानेकडे पसरल्यास श्वासमार्ग बंद होऊ शकतो. अशा वेळी थेट रुग्णालय गाठावे.