जुन्या घराचं वायरिंग कधी बदलावं?

पन्नास वर्षांपूर्वी घरात चार दिवे, दोन पंखे आणि एक रेडिओ असे. सारं मिळून जेमतेम 2 अँपिअर. आज 2000 वॉटचा एकटा गीझर 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर ओढतो. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. त्या उष्णतेनं तारेवरचं रबराचं किंवा पीव्हीसीचं आवरण कडक होतं, तडकतं आणि शॉर्टसर्किट होतं.

म्हणून लक्षणं ओळखा: गरम लागणारे स्विच, काळवंडलेले सॉकेट, जळका वास, वारंवार उडणारा फ्यूज, अर्थिंग नसलेले दोन पिनांचे सॉकेट. यांपैकी काहीही दिसलं, तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून मेगर हे मापन यंत्र लावून आवरणाचा रोध मोजून घ्या. तो 1 मेगाओहमपेक्षा कमी भरला किंवा आवरण हात लावताच तुटत असेल, तर वायरिंग बदलाच. आवरण शाबूत असेल, तर गीझर आणि एसीसाठी स्वतंत्र जाड वायर, सगळीकडे अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) बसवून बहुतेकदा भागतं.

फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार मात्र कधीही घालू नका. तो उडतो म्हणूनच घर वाचतं.