एफ-शार्पमधून स्पेक्टर.कन्सोल: तक्ता कुठे ठेवायचा?

समजा, जबलपुरातल्या गणेशोत्सवाची वस्तीनिहाय वर्गणी तुम्हाला टर्मिनलवर दाखवायची आहे. दीक्षितपुरा, गोलबाजार, राइट टाउन. प्रत्येकापुढे ठरलेली रक्कम, जमा आणि बाकी. भाषा एफ-शार्प. तक्ता आखायला स्पेक्टर.कन्सोल ही डॉटनेटची मुक्तस्रोत लायब्ररी घेऊ. ती सी-शार्पमध्ये लिहिलेली आहे आणि पहिली अडचण तिथूनच येते.

एफ-शार्पमध्ये आपण शक्यतो मूल्य बदलत नाही, जुन्या यादीवरून नवी यादी काढतो. स्पेक्टरचा तक्ता मात्र बदलणारी वस्तू आहे. ‘ॲड-रो’ म्हटले की त्याच तक्त्यात ओळ वाढते आणि तोच तक्ता उत्तर म्हणून परत येतो. हे उत्तर न वापरता सोडले तर सी-शार्प काही बोलत नाही. एफ-शार्प इशारा देते. म्हणून पुढे पाइप लावून ‘इग्नोर’ लिहावे लागते. प्रोग्रामभर ‘इग्नोर’ दिसू लागले, की तक्ता तुमच्या हिशेबात घुसला आहे असे समजा.

यासाठी दोन फंक्शने करा. पहिले वस्त्यांची यादी घेते, बाकी काढते आणि ओळींची यादी परत देते. त्यात स्पेक्टरचे नावही नको. दुसरे त्या ओळी घेऊन तक्ता भरते आणि छापते. सगळे ‘इग्नोर’ तिथेच. मजकुरात चौकोनी कंस असेल तर ‘मार्कअप.एस्केप’सुद्धा इथेच लावा, कारण स्पेक्टर त्या कंसाला रंगाची सूचना समजतो आणि तसा रंग न सापडल्यास प्रोग्राम बंद पडतो.

ही विभागणी नुसती शिस्त नाही. तक्ता छापा आणि ‘दीक्षितपुरा’ची ओळ पाहा: उजवीकडची रेघ सरकलेली दिसू शकते. हा शब्द वाचताना अक्षरे ५: दी, क्षि, त, पु, रा. एफ-शार्पला त्याची लांबी विचारली तर उत्तर ११, कारण काना, वेलांटी, उकार आणि हलन्त वेगळे मोजले जातात. टर्मिनलची रुंदी मोजण्याच्या जुन्या रूढ पद्धतीत उकार आणि हलन्त शून्य, पण काना आणि वेलांट्या एकेक घर घेतात, म्हणून ९. लायब्ररीने एक आकडा धरला आणि टर्मिनलने दुसरा, की रेघ हलते.

इथे घाईत रकमांच्या हिशेबात हात घालू नका. पहिले फंक्शन एकटे चालवा. ठरलेले ५०००, जमा ३२००, तर बाकी १८०० आली का? आली, म्हणजे दोष फक्त आखणीत आहे. वस्तीच्या नावाचा स्तंभ शेवटी न्या आणि तक्त्याची चौकट ‘नन’ करा. नाव कितीही पसरले तरी त्याच्या उजवीकडे सरकायला काही उरत नाही आणि आकडे एकाखाली एक राहतात. शीर्षकेही देवनागरीत असल्याने ती ओळ थोडी तिरकी दिसेल. पावती फाडणाऱ्याला त्याने फरक पडत नाही.