वाण

मराठीच्या तासाला 'वाण' हा शब्द निघाला की मी मुद्दाम थांबतो. एवढ्याशा शब्दात तीन शब्द दडले आहेत, आणि मौज अशी की तिघांची लिंगेही निरनिराळी! ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला, त्याला वाण नाही पण गुण लागला, या म्हणीतला वाण पुल्लिंगी. तो संस्कृत 'वर्ण' या शब्दावरून आला. अर्थ रंग, जात, प्रकार. बियाण्याचा वाण तो हाच. संक्रांतीला सुवासिनी लुटतात ते वाण नपुंसकलिंगी. त्याचे मूळ 'वायन'. आणि "देवाच्या कृपेने कशाची वाण नाही," असे जुन्या बायका म्हणत ती वाण स्त्रीलिंगी. ती म्हणजे उणीव, टंचाई. वर्षानुवर्षे मी हे फळ्यावर लिहीत आलो. पण ही तिन्ही वाणे एका ताटात मांडलेली पाहिली ती मानखुर्दला, आमच्याच इमारतीत.

मानखुर्द म्हटले की दादर-पार्ल्याकडच्या पाहुण्यांचा हात आधी रुमालाकडे जातो. देवनारची कचराभूमी ही आमची १९२७ सालापासूनची शेजारीण, तेव्हा त्यांना दोष तरी काय द्यायचा? १९९२ पर्यंत हार्बरची गाडी आमच्या स्टेशनातच संपत असे. त्या वर्षी ती खाडी ओलांडून वाशीला जाऊ लागली आणि आम्ही 'शेवटचे' होतो ते 'मधले' झालो. पुढे रेल्वे आणि रस्ते रुंद करण्याच्या योजनांत रुळांकाठची हजारो कुटुंबे हलवली गेली, त्यांतली कितीतरी लल्लूभाई कंपाऊंडच्या सातमजली इमारतींत आली. त्यामुळे आमच्याकडे कोकण, खानदेश, सोलापूर, विदर्भ, शिवाय जौनपूर आणि तिरुनेलवेली हे सगळे पाचशे पावलांच्या आत नांदते. बिऱ्हाड कितीही वेळा हलो, स्वयंपाकघराच्या फळीवर एक डबा असतोच. बोर्नव्हिटाचा नाहीतर डालड्याचा, झाकणाला गंज चढलेला. त्यात पुरचुंडीत बांधलेले गावाकडचे बी असते.

हे डबे बोलके झाले ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाने. वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे आणि गाळण्या लुटून घरोघरच्या बायका कंटाळल्या होत्या. चार वर्षांपूर्वी आमच्या सौ.नी आणि समोरच्या वहिनींनी जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या पुड्या केल्या आणि त्यांत आपल्या गॅलरीतल्या मिरचीचे आणि टोमॅटोचे बी घातले. दुसऱ्या वर्षी पाच घरांनी तेच केले. आता वीस-बावीस घरे आहेत. या मंडळींना नाव नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. कदाचित म्हणूनच अजून भांडण नाही.

"अहो मावशी, हे कसलं बी?"

"अंबाडीचं. उन्हाळा संपता संपता टाक. आणि पहिल्या फुलाला हात लावू नकोस, बी धरायचं असेल तर."

खानदेशातल्या वहिनी भरताच्या हिरव्या वांग्याचे बी आणतात. दुसऱ्या मजल्यावरच्या भाभी लौकी आणि तोरई. म्हणजे आपला दुधी आणि दोडका, हे कळायला एक दुपार गेली. मला या साऱ्यांत काम मिळाले ते कारकुनाचे. एका वहीत मी रकाने आखले: बी कोणाचे, कोणत्या गावचे, त्या घरात त्याला काय म्हणतात, कोणत्या महिन्यात पेरतात. बी हरवण्याआधी त्याचे नाव हरवते असा माझा अनुभव आहे, आणि नाव गेले की ते बी नेमके कुठले म्हणून मागायचे हेही कळेनासे होते.

आता कोणी म्हणेल, दुकानात पन्नास रुपयांना चकचकीत पाकीट मिळत असताना ही यातायात कशाला? पाकिटाला माझी ना नाही. पण त्यावर 'संकरित' किंवा 'एफ-१' असे छापले असेल तर ते बी एका हंगामाचे पाहुणे समजावे. दोन निरनिराळ्या आईबापांच्या संकरातून आलेली ती पहिली पिढी असते. झाड जोमदार, फळे एकसारखी. पण त्या फळांतले बी धरून पेरले की पुढच्या पिढीत गुण फुटतात. एका कुंडीत आजोबा उगवतात, दुसरीत कोणी दूरचे मामा. बी धरायचे तर 'सरळ वाण' हवा, ज्याला खेड्यात गावरान म्हणतात.

सरळ वाण मिळाला तरी गॅलरीत तो शुद्ध राखणे ही खटपट आहे. वाल, चवळी, टोमॅटो ही मंडळी बहुतांशी आपल्याच फुलात आपला संसार आटोपतात, त्यांची चिंता नाही. टोमॅटोचा गर मात्र बियांसकट पाण्यात दोन-तीन दिवस आंबवावा लागतो. बियांभोवतीचे बुळबुळीत आवरण गळून पडते, मग धुऊन बशीत वाळवायचे. कागदावर वाळवले तर ते कागदासकट पेरावे लागते! खरी परीक्षा वेलभाज्यांची. त्यांत नरफूल निराळे, मादीफूल निराळे, आणि मधे मध्यस्थ माशी. दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलते. ते उमलायच्या आधीच भाभी नराच्या आणि मादीच्या कळ्या दोऱ्याने हलकेच बांधून ठेवतात. दिवेलागणीला दोरा सोडून नरफूल मादीच्या मुखाशी टेकवायचे आणि मादीफूल पुन्हा बांधायचे. देठाला लाल लोकरीचा धागा. तो दुधी भाजीसाठी नाही, बियासाठी. चौथ्या मजल्यावर तिन्हीसांजेला पदर खोचून उभ्या राहिलेल्या भाभींचे ते काम पाहिले म्हणजे मला पेशंटवर वाकलेल्या डॉक्टरीणबाईंची आठवण होते.

हा नुसता छंद नव्हे. दुधी कडू निघाला तर त्यात विषारी द्रव्य असते. कडू दुधीचा रस प्यायल्याने माणसे दगावल्याची उदाहरणे घडली, तेव्हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी २०११ साली कडू लागलेला रस मुळीच पिऊ नये असे बजावले. रानटी कडू वेलीशी संकर झाला तर हा दोष पुढच्या पिढीत येऊ शकतो. म्हणून आमच्याकडे बियाचा दुधी धरताना त्याच वेलीचा एक कोवळा दुधी कापून जिभेला लावून पाहण्याचा नियम आहे. कडू लागला तर थुंकायचे, चूळ भरायची आणि वेलच उपटायची, दयामाया नाही.

आणखी एक युक्ती हळूहळू सापडत गेली. एका गॅलरीत सगळे वाण राखता येत नाहीत, तर घरे वाटून घ्यावीत. दुधी आणि दोडका एका घरी नांदतात, त्यांचे आपसांत जुळत नाही. दोडका आणि घोसाळे मात्र भाऊबंद. ते शेजारी ठेवले तर नको ते लग्न जुळायचे. म्हणून दोडका 'अ' विंगमध्ये आणि घोसाळे पार मैदानापलीकडच्या इमारतीत. माशीला विंग कळत नाही हे खरे, पण दोऱ्याची गाठ आणि अंतर मिळून बरेच काम होते.

या सर्वांचा शत्रू एकच, आणि तो आकाशातून येतो. मार्चमध्ये वाळलेले वालाचे दाणे पेरायचे असतात दिवाळीनंतर. कोकणात भात निघाले की त्याच शेताच्या ओलीवर वाल टाकतात. मधे उभा मुंबईचा पावसाळा! बियातला ओलावा शंभरात एका भागाने कमी झाला की त्याचे आयुष्य सुमारे दुप्पट होते असा बियाणेशास्त्रातला एक ढोबळ नियम आहे. आमच्याकडे जुलै-ऑगस्टात हवाच इतकी ओली की मीठ पाझरते, तिथे दाणा कोरडा राहणार कसा? त्यावर उपाय आहेत. भाजून गार केलेले तांदूळ बरणीत तळाशी घालावेत, वर बियाची पुडी, झाकण घट्ट. ते ओल ओढून घेतात. राखेत कालवून ठेवण्याची जुनी रीत भुंग्याविरुद्ध चांगली. पण मुंबईत डब्यावर विसंबू नये, हे आम्हांला दापोलीकडच्या आजींनी दाखवले.

आजी आता ब्याऐंशी वर्षांच्या. त्यांच्या माहेरचे वाल बारीक, तांबूस, कडव्या चवीचे. त्याला नाव विचारले तर म्हणतात, "नाव कसलं? आमच्याकडचे वाल!" गावचे घर बंद आहे, शेत कोणी करीत नाही. तीन वर्षांपूर्वी गणपतीत डबा उघडला तर आत पीठ. प्रत्येक दाण्याला टाचणीच्या टोकाएवढे भोक. आजी काही बोलल्या नाहीत. डबा घासून पालथा घातला. जगात त्या वाणाचा हाच शेवटचा डबा, असे आम्ही सारे समजून चाललो होतो.

मी वही काढली. आजींच्या रकान्यात आधीच्या संक्रांतीला चार नावे होती. एका घरी कुंडी वाळली होती, दुसऱ्या घरी वाल उसळीत गेले. तिसरे घर अंबरनाथला राहायला गेलेले. त्यांना फोन केला. त्या बाईंनी आपल्या नणंदेला मूठभर दिले होते, नणंदेने कुंपणाला लावले होते. दसऱ्याला पाकीट आले. त्यात अकरा दाणे. आजींनी सहा स्वतः पेरले आणि पाच त्याच दुपारी तीन घरांत वाटून टाकले. मी म्हटले, "आजी, आधी आपले तरी होऊ द्या." त्या म्हणाल्या, "माझ्याकडे ठेवून काय झालं ते पाहिलंस ना?"

ही समज आमच्या इमारतीने शोधून काढलेली नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव वाचकांना ठाऊक असेल. १९६४ सालचा जन्म, शाळेचे तोंड पाहिलेले नाही. 'बायफ' संस्थेच्या साहाय्याने त्यांनी घरातच गावरान बियाण्यांची बँक उभी केली. वाल-घेवड्याचेच कितीतरी प्रकार जमवले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांची बँक नुसती साठवणीची नव्हे: बी न्यावे, पेरावे आणि हंगामानंतर दुप्पट परत आणून द्यावे. सावकारी व्याज म्हणावे तर जबर, पण इथे ऋणकोही श्रीमंत होतो.

जगातल्या मोठ्या कोठारांचीही गोष्ट निराळी नाही. उत्तर ध्रुवाजवळ स्वालबार्ड द्वीपसमूहात डोंगराच्या पोटात २००८ साली जगाचे बियाणे-भांडार उघडले. तिथे शून्याखाली अठरा अंशांत बी निजलेले असते. सीरियातल्या यादवी युद्धामुळे अलेप्पोजवळची मोठी बीजपेढी तिच्या शास्त्रज्ञांना दुरावली, तेव्हा २०१५ मध्ये त्यांनी स्वालबार्डमध्ये ठेवलेले आपलेच बी परत मागितले, लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरले, आणि नवे बी पुन्हा बर्फात नेऊन ठेवले. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला वेढा पडला असता तिथल्या बीजसंग्रहाचे कित्येक सेवक तांदूळ-शेंगदाण्यांच्या पोत्यांशेजारी उपासमारीने मेले, पण त्यांनी बियाण्याला हात लावला नाही. आणि तो संग्रह उभारणारा वाव्हिलोव्ह त्याच काळात, १९४३ साली, स्वदेशाच्याच तुरुंगात संपला. आपल्याकडे २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचे बी फक्त छाप मारून विकता येत नाही. आम्हां कुंडीवाल्यांना शेतकरी म्हणावे की नाही, ते वकिलांनी पाहावे.

आजींचे वाल गेल्या फाल्गुनात सात घरांतून निघाले. एका घरचे दाणे किंचित फिके निघाले, तेव्हा आजींनी चष्मा लावून एकेक निवडले आणि फिके बाजूला काढून त्यांची उसळ केली. आता भाऊबीज झाली की कुंड्या भरायच्या आहेत. अंबाडीला मात्र यंदा घर मिळालेले नाही. सोलापूरच्या मावशींच्या गॅलरीसमोर नवी इमारत उठली आणि ऊन गेले. सहा तास ऊन येणारी गॅलरी आणि दोन खोल कुंड्या असलेले कोणी गोवंडी-चेंबूरकडे असल्यास पुडी तयार आहे. वहीत एक रकाना कोरा ठेवला आहे.