कॉम्प्रेसर बदलायच्या आधी मगभर पाणी: जुन्या ऑक्टाव्हिया आरएसच्या एसीची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा बसच्या आवाजात काही कळत नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलतानाचे "अं..." आणि "म्हणजे कसंय ना" उडवलेत, बाकी बऱ्यापैकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे जुन्या स्पोर्ट्स कारचा एसी. आता "आपल्याकडे कुठून आल्या स्पोर्ट्स कार" असं कुणीतरी म्हणणारच. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म आठवते का? फायबरची बॉडी, दोनच सीट, वरचं छप्पर निघायचं. ती खरी स्पोर्ट्स कार. पण आपल्या शहराची स्वतःची एक आहे, आणि मी तिच्याबद्दल बोलणार आहे. स्कोडाने २००१ मध्ये शेंद्र्याला प्लांट सुरू केला. तेव्हा शहर औरंगाबाद होतं. तिथून निघालेली पहिली गाडी ऑक्टाव्हिया, आणि तिचाच थोड्या वर्षांत आलेला तापट भाऊ म्हणजे ऑक्टाव्हिया आरएस. १.८ लिटरचं २० व्हॉल्व्हचं टर्बो पेट्रोल इंजिन, १५० पीएस. दिसायला चार दारांची डिकीवाली सेदान, त्यामुळे "ही स्पोर्ट्स कार नाहीच" असं म्हणणारे म्हणोत. त्यांना माझ्या मामाच्या शेजारी बसवून जालना हायवेला एकदा न्यायला पाहिजे.

तर मामाची गाडी २००५ ची. १५ वर्षांनंतर खासगी गाडीची आरसी रिन्यू करावी लागते, पुढे दर ५ वर्षांनी परत. त्यात २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने २० वर्षांपेक्षा जुन्या कारची रिन्यूअल फी १० हजार केली. ती मामाने कुरकुरत भरली. पण या एप्रिलमध्ये एसी गेला, आणि एका गॅरेजने कॉम्प्रेसर, पाइप, गॅस, मजुरी धरून ४८ हजारांचा कागद हातात दिला. मामी म्हणाल्या, "विकून टाका आता. मे महिन्यात आईंना या गाडीतून दवाखान्यात नेणार का?" आजीचं डायलिसिस आहे, आठवड्यातून दोनदा. म्हणजे प्रश्न शौकाचा राहिला नव्हता. गाडी थंड झाली तर राहणार, नाहीतर जाणार.

मामाचा मला फोन: "तू इंजिनियर ना? बघ जरा." आता मी सॉफ्टवेअरवाला. पण बग शोधणं हा माझा धंदाच आहे, आणि त्या धंद्याचा पहिला नियम असा की पार्ट बदलायच्या आधी प्रॉब्लेम नेमका कधी येतो ते लिहून काढायचं.

ते करण्याआधी एसी नेमकं काय करतो हे दोन मिनिटांत बघू, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

एसी थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. घरचा माठ घ्या. पाणी माठाच्या अंगातून झिरपतं, त्याची वाफ होते, आणि वाफ होताना ते माठाची उष्णता घेऊन जातं. एसीत हेच होतं, फक्त पाण्याऐवजी आर-१३४ए नावाचा गॅस असतो. डॅशबोर्डच्या आत जी कॉइल असते, तिथे दाब साधारण ३ बार ठेवला की हा गॅस शून्य अंशाच्या आसपासच उकळतो. उकळताना केबिनची उष्णता खातो. इथपर्यंत माठच.

फरक पुढे आहे. माठातली वाफ हवेत उडून जाते, आपण वरून पाणी ओततो. गाडीत गॅस उडून गेला तर दर किलोमीटरला सिलिंडर लागेल. म्हणून ती वाफ परत पकडून तिचं द्रव करायचं असतं. त्यासाठी कॉम्प्रेसर तिला दाबतो, ती तापते, आणि पुढे रेडिएटरच्या समोर बसलेल्या कंडेन्सरमध्ये ती आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन द्रव होते. उष्णता नेहमी जास्त तापमानाकडून कमीकडे जाते, त्यामुळे कंडेन्सरमधला गॅस बाहेरच्या हवेपेक्षा बराच गरम असावाच लागतो. हिवाळ्यात सोपं आहे. मे महिन्यात, बाहेर ४२ अंश, क्रांती चौकाच्या सिग्नलला, खाली तापलेला डांबरी रस्ता आणि पुढे रिक्षाचा सायलेन्सर, तिथे कंडेन्सरला मिळणारी हवाच ५० च्या वर असते. मग गॅसला ६०–७० अंशांवर जावं लागतं. ६० अंशांना आर-१३४ए चा दाब गेजवर २३० पीएसआयच्या आसपास दिसतो, ७० ला २९० च्या. म्हणजे बाहेर उष्णता टाकायची जागा जितकी तोकडी, तितकी कॉम्प्रेसरची ओढाताण जास्त.

आमच्या भाषेत सांगायचं तर हा बॉटलनेक आहे. सर्व्हर स्लो झाला की लोक आधी प्रोसेसर मोठा घ्यायला धावतात, आणि खरा अडथळा नेटवर्कमध्ये असतो. गाडीच्या एसीत लोक कॉम्प्रेसरकडे धावतात.

आता लिहून काढलेलं निरीक्षण. मधल्या व्हेंटमध्ये स्वयंपाकघरातला थर्मामीटर अडकवला आणि दुपारी ३ वाजता सिडकोहून निघालो. बाहेर ४१. चिकलठाण्याच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर ७० च्या वेगाने व्हेंटमधून १४ अंशांची हवा. परत येताना मुकुंदवाडीच्या सिग्नलला थांबलो आणि तीन मिनिटांत २३.

धावताना बरा, थांबल्यावर वाईट. हा एक सिम्प्टम अर्धं उत्तर देऊन जातो. गाडी धावते तेव्हा समोरची हवा फुकटात कंडेन्सर थंड करते, थांबली की सगळा भार फॅनवर येतो. कॉम्प्रेसर मेलेला असता तर चिकलठाण्याच्या पुढेही थंड झालं नसतं.

मग मगभर पाण्याची टेस्ट. गाडी सावलीत उभी, इंजिन आणि एसी चालू, आणि समोरच्या जाळीतून फक्त कंडेन्सरवर हळूहळू पाणी मारायचं. तापलेल्या टर्बोवर आणि एक्झॉस्टवर अजिबात नाही. (आपल्या शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते तुम्हाला माहितीये, म्हणून एकच मग.) मिनिटभरात व्हेंट २३ वरून १७ वर आलं. पाण्याने कंडेन्सरचं काम केलं, म्हणजे कंडेन्सरला किंवा फॅनला ते जमत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जुन्या ओळखीच्या उस्तादांकडे गेलो. त्यांनी बोनेट उघडून एसी लावला आणि नुसतं ऐकलं. "फॅन सुन रहे हो? नहीं ना? बस." या गाडीचे फॅन दोन स्पीडचे. एसी चालू झाला की लो स्पीडवर फिरायलाच हवेत, पण लो स्पीडचा रेझिस्टर गेलेला. दाब फार वाढला की हाय स्पीड अचानक सुरू व्हायचा, घरघर करायचा आणि बंद. मामाला वाटायचं, "फॅन तर चालतोय की." कंडेन्सर काढला तेव्हा त्याच्या आणि रेडिएटरच्या मधे वीस वर्षांची धूळ, किडे आणि कापसासारखा थर. खालच्या पट्टीतल्या फिन्स बोटाने चुरल्या जात होत्या.

इथे एक सावधगिरी, खास ट्यूनिंगवाल्यांसाठी. टर्बो गाडीत पॉवर वाढवायची म्हणून मोठा इंटरकूलर पुढे, थेट कंडेन्सरच्या समोर लावायची फॅशन आहे. इंटरकूलर म्हणजे टर्बोने तापवलेली हवा थंड करणारा रेडिएटर. तो आपली उष्णता कुठे टाकतो? मागच्या कंडेन्सरवर. फोटोत भारी दिसतो, सिग्नलला घाम काढतो. रेस ट्रॅकसाठी ठीक आहे. संभाजीनगरात रोज वापरायच्या गाडीला मी तो लावणार नाही.

तर नवा कंडेन्सर, दोन्ही फॅन, आणि कंडेन्सरच्या कडेच्या फटी बंद करायला फोमच्या पट्ट्या. ही शेवटची गोष्ट शंभर-दोनशे रुपयांची आहे आणि कुणीच करत नाही. फट राहिली की इंजिनकडची गरम हवा वळसा घेऊन परत पुढे येते आणि फॅन तीच तीच हवा ढवळत बसतो.

गॅस भरताना उस्तादांशी माझं थोडं वाजलं, प्रेमाने. त्यांना दहा मिनिटं व्हॅक्यूम पुरे वाटत होता. मी ४५ मिनिटांवर अडून बसलो. कारण साधं आहे. सिस्टिम उघडली की हवेतला ओलावा आत जातो, आणि पंप तो ओढून काढत नाही, उकळवून काढतो. ३० अंशांना पाणी उकळायला दाब ४२ मिलीबारच्या खाली जावा लागतो, आणि पाइपच्या कोपऱ्यात, तेलात मुरलेलं पाणी निघायला वेळ लागतो. राहिलेला ओलावा गॅस आणि तेलाशी मिळून आम्ल बनवतो, तेच पुढे कॉम्प्रेसर खातं. म्हणून ओलावा शोषणारी बाटली, म्हणजे रिसीव्हर-ड्रायर, त्याच वेळी नवी टाकली. गॅस किती भरायचा हे बोनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. काट्यावर मोजून तेवढाच. "थोडा जास्त मारतो, मस्त होईल" याला ठाम नाही म्हणा. जास्त गॅस कंडेन्सरमध्ये द्रव होऊन जागा अडवतो, दाब वाढतो, कूलिंग कमी होतं. आणि गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. दर उन्हाळ्याला भरावा लागत असेल तर कुठेतरी मोठा लीक आहे.

एवढं करून सिग्नलला व्हेंट १६ वर आलं. चांगलं, पण खूश व्हावं एवढं नाही. गेजवरचे दाब मात्र आता एकदम व्यवस्थित. म्हणजे एसी थंड हवा देत होता, आणि ती वाटेत कुठेतरी तापत होती.

धागा मामीच्या तक्रारीत सापडला: "डॅशबोर्डवर काळा भुसा पडतो रोज." हा भुसा म्हणजे फोम. ही गाडी चौथ्या पिढीच्या गोल्फच्या प्लॅटफॉर्मवर आहे. तिच्यात थंड-गरम हवा मिसळणारी एक झडप असते. झडपेच्या पत्र्याला भोकं असतात आणि त्यावर फोम चिकटवलेला असतो. वीस उन्हाळ्यांत कोणताही फोम मरतोच. तो भुगा होऊन व्हेंटमधून उडतो, भोकं उघडी पडतात, आणि नॉब पूर्ण निळ्यावर असला तरी हवा ९० अंशांच्या हीटरवरून झिरपत येते. थंड पाण्याच्या बादलीत गरम नळ किंचित सुटा राहावा तसं. पडताळा सोपा: हीटरकडे जाणारा कूलंटचा पाइप क्लॅम्पने थोडा वेळ दाबला, व्हेंट चार अंशांनी खाली.

दोन उपाय होते. एक, डॅशबोर्ड उघडून झडपेवर जाड ॲल्युमिनियमची चिकटपट्टी. दोन, हीटरच्या पाइपवर बायपासवाला व्हॉल्व्ह, म्हणजे उन्हाळ्यात कूलंट हीटरकडे जाणारच नाही, पण इंजिनमध्ये फिरत राहील. नुसता पाइप बंद करू नका, फिरणं अडतं. आम्ही व्हॉल्व्ह लावला. मराठवाड्यात हीटर वर्षातून किती दिवस लागतो?

आता बाहेर ४२ असताना सिग्नलला ११, धावताना ७. एकूण खर्च साडेएकोणीस हजार. जुना कॉम्प्रेसर अजून तोच आहे.

तुमच्या व्हॉइस नोटमधले दोन प्रश्न पटकन. "इलेक्ट्रिक गाडीचा कॉम्प्रेसर जुन्या गाडीत बसवता येईल का?" ते कॉम्प्रेसर शेकडो व्होल्टवर चालतात. आपल्याकडे १२ व्होल्ट. ३ किलोवॅट काढायचे तर २५० अँपियर लागतील, आणि अशा गाडीचा अल्टरनेटर शंभर-सव्वाशेच्या आसपास. तेव्हा नाही. दुसरा, "स्वस्तातला एलपीजीवाला गॅस भरला तर कूलिंग जास्त येतं म्हणे?" कूलिंग येतं, खरंय. पण तो पेट घेणारा गॅस आहे आणि थंड कॉइल केबिनच्या आत, तुमच्या गुडघ्यांसमोर असते. तिथे लीक झाला तर तो तुमच्याच मांडीवर येणार. भरू नका.

काचेच्या फिल्मबद्दलही बऱ्याच जणांनी विचारलंय. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के प्रकाश आत यायलाच हवा, आणि २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने बाहेरून फिल्म चिकटवण्यावर बंदी घातली, त्यानंतरही नियमांत बदल झालेत. त्यावर वेगळा एपिसोड लागेल. तोपर्यंत पुढच्या काचेला चंदेरी सनशेड लावा आणि निघताना पहिली दोन मिनिटं चारही काचा खाली ठेवा, आत कोंडलेली ६० अंशांची हवा एसीने कशाला थंड करायची?

आजी मंगळवारी आणि शुक्रवारी त्याच गाडीतून जाते. परवा म्हणाली, "अरे, जरा कमी कर ते, पाय गारठले माझे."